रानातले खापर कुणाचे?

माणूस गेला की त्याची खूण कोण राखतो? हा प्रश्न वरवर तत्त्वज्ञानाचा दिसतो. पुस्तकात सोडवायला घेतला की काळ, आत्मा, नश्वरता असले जड शब्द गोळा होतात आणि प्रश्न होता तिथेच राहतो. म्हणून मी तो रहिमतपूरच्या रानात सोडवायला घेतला. तिथे त्याला निदान दगडमाती तरी लागते.

रान म्हणजे अरण्य नव्हे. वर्धनगडापासून मच्छिंद्रगडापर्यंत दक्षिणेकडे उतरत गेलेली डोंगररांग आमच्या पूर्वेला आहे. तिच्या अलीकडचे पाणी कृष्णेला जाते, पलीकडचे येरळेला. उतारावर बोरी, बाभळी, हिवर, घाणेरीची जाळी आणि मध्येच वनखात्याने लावलेली झाडे. पावसाळ्यात हिरवे, बाकीचे दिवस पिवळे. एवढेच आमचे जंगल.

या रानात आमच्या वस्तीतले कुणी फिरायला गेल्याचे मला आठवत नाही. रानात जायचे ते कामाला. सरपणाला, गवताला, शेण्या वेचायला. आय पहाटे निघायची आणि उन्हं तापायच्या आत डोक्यावर मोळी घेऊन परतायची. मोळी विकली तर मीठमिरची, नाही विकली तर घरची चूल. अशा बाईची नजर आभाळाकडे नसते, भुईवर असते. वाळली काटकी कुठे, काटा कुठे, कुठल्या दगडाखाली विंचू. त्यामुळे या रानात पूर्वी कोण राहून गेले याची पहिली वार्ता मला इतिहासाच्या पुस्तकाने दिली नाही. ती सरपण वेचणाऱ्या बायकांनी दिली. आय म्हणायची, "त्या चिंचंकडं एकला जाऊ नगंस. तिथं जुनं घरठान हाय. मानसं व्हती तिथं." कुठली माणसे, कधीची, का गेली, हे तिला ठाऊक नव्हते. पण माणसे होती, एवढे तिने माझ्या हवाली केले.

गेल्या काही वर्षांत मी त्या चिंचेकडे बरेचदा गेलो. तिथे काय आहे ते जसेच्या तसे सांगतो. टीचभर उंचीचे दगडी जोते, चौकोनी, एका बाजूने ढासळलेले. त्याच्या आत सीताफळीचे झुडूप. जात्याची तळी, मधोमध फुटलेली. तीन काळवंडलेले दगड, चुलीचे असावेत असे. पावसाने माती धुपली की वर येणारी खापरे, त्यात एखाद्या मडक्याचा गळा, एखादा काठ. थोडे पलीकडे लिंबाच्या बुडाशी एक उभा दगड आणि त्याच्या खोबणीत राहिलेला शेंदूर. एकाही दगडावर अक्षर नाही.

खापर हातात घेतले की पहिला प्रश्न येतो, कुणाचे? आणि आपल्या देशात 'कुणाचे' म्हणजे कुठल्या जातीचे. आपण कितीही शिकलो तरी मन त्याच रस्त्याने जाते. पण खापर उत्तर देत नाही. कुंभाराने पाटलाचा घडा आणि महाराचा घडा एकाच मातीचा केला, एकाच आव्यात भाजला. घरात जाईपर्यंत दोन्ही घडे सारखेच. घरात गेल्यावर एकाच्या पाण्याने तहान भागायची आणि दुसऱ्याच्या नुसत्या स्पर्शाने विटाळ व्हायचा. विटाळ मातीत कधीच नव्हता, म्हणून तो मातीत सापडत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे आणि फुटक्या भांड्यात जेवावे असे सांगितले आहे. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला तो ग्रंथ जाळला, ते योग्यच झाले. पण त्याचे उत्तर रानातही पडलेले आहे. रानात सगळ्यांचीच भांडी फुटकी आहेत.

मग रान काहीच सांगत नाही काय? सांगते. पण ते खापरात नसते, अंतरात असते.

खेड्यात काळी आणि पांढरी असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या माणसे एका जागी राहिली, चुलीची राख पडली, भिंती पडल्या, पुन्हा उभारल्या, म्हणजे माती पांढुरकी होते. माणसाच्या राहण्याने मातीचा रंग बदलतो, एवढी मोठी गोष्ट शेतकऱ्याने दोन शब्दांत सांगून ठेवली आहे. गावे उठली तरी पांढरी राहते. नंतरचे शेतकरी ती खत म्हणून शेतात ओढून नेतात आणि तिच्याबरोबर खापरेही जातात. आता मी विचारतो, महारवाडा पांढरीत होता काय? गावकूस पांढरीभोवती आणि महारवाडा कुसाबाहेर. राख तर आमच्याही चुलीची पडत होती. भिंती आमच्याही मातीच्याच होत्या. आमच्या राहण्यानेही माती पांढरीच झाली असणार. पण गावाची पांढरी म्हणताना गावाने ती मोजली नाही.

अंतरावरून माणसांची उतरंड वाचता येते, हे काही माझ्या मनाचे खेळ नव्हेत. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात खोदाई केली. साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेली शेतकऱ्यांची वस्ती तिथे मिळाली. लिहिलेले अक्षर एकही नाही. तरी संशोधकांनी वाचन केले. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार, म्हणून ते प्रमुखाचे घर असावे. बऱ्या स्थितीतल्या शेतकऱ्यांची घरे मधोमध, कुंभार-सोनारासारख्या कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला. तिथे जात होती असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला पुरावा नाही. मी एवढेच म्हणतो की, मध्य कुणाचा आणि कड कुणाची हे पाहून विद्वान माणसे समाज ओळखतात. मग तीच नजर आमच्या अलीकडच्या शे-दोनशे वर्षांवर का लावत नाहीत?

याच इनामगावची आणखी एक गोष्ट मला सोडत नाही. ती माणसे आपल्या मेलेल्यांना घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मूल गेले तर दोन भांडी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडलेले मिळाले. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून असे करीत असावेत, असा अर्थ संशोधकांनी लावला. ज्या भूमीत एके काळी मेलेल्यालाही घराबाहेर जाऊ देत नव्हते, त्याच भूमीत पुढे जिवंत माणसाला कुसाबाहेर काढले. हा बदल केव्हा आणि कसा झाला, हे शोधणे मला कुठल्याही राजाची वंशावळ शोधण्यापेक्षा महत्त्वाचे वाटते.

मी चिंचेखालच्या जोत्यापासून ओढ्याच्या पाणवठ्यापर्यंत पावले मोजली. चारशे बारा भरली. वरच्या अंगाला दुसरी एक पडकी वस्ती आहे, तिच्यापासून बांधीव विहीर साठ पावलांवर. दोन्ही ठिकाणची खापरे तीच, जात्याचा दगड तोच. फरक साडेतीनशे पावलांचा. ही साडेतीनशे पावले कुठल्यातरी बाईने डोक्यावर भरली घागर घेऊन रोज दोन-तीनदा चाललेली आहेत. म्हणून तो महारवाडाच होता असे मी छातीठोक सांगत नाही. धनगराचा वाडा असेल. १८९६ नंतर प्लेगच्या साथीत लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत, तसे कुणी असेल. मला ठाऊक आहे ते अंतर. तेवढेच मी सांगतो.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. रहिमतपूर गावात आदिलशाहीच्या काळातली मशीद आणि कबर आहे. कबर रणदुल्लाखानाची असे सांगतात. दगडात बांधली म्हणून टिकली. टिकली ते बरेच झाले, ती पडावी असे मी म्हणणार नाही. पण दगड खाणीतून काढणारे, घडवणारे, डोक्यावर वाहणारे कुणीतरी होतेच ना? त्यांच्या कबरी कुठे आहेत? किल्ल्यांचेही तेच. पुरंदरचा शेंदऱ्या बुरूज पुन्हा पुन्हा ढासळत होता, म्हणून त्याच्या पायात नाथनाक आणि देवकाई या जोडप्याला जिवंत गाडले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणजे पुरावा नव्हे. पण समाजाला असली आख्यायिका सुचते आणि ती सांगताना जीभ अडखळत नाही, हाही एक पुरावाच आहे. किल्ला पाहायला जाणाऱ्याला बुरूज दिसतो. पायात कोण आहे हे पाहायची सवय त्याला कुणी लावली नाही.

डोंगराच्या वरच्या अंगाला फोडलेल्या खडीचे ढीग आहेत, गवताने झाकलेले. नव्या पोरांना ते नैसर्गिक वाटतात. ते १९७२ च्या दुष्काळातले आहेत. पोटासाठी बायाबापड्या दिवसभर उन्हात बसून खडी फोडायच्या, बोटे ठेचायची, पोर शेजारी झोळीत. मिलो खाऊन आणि सुकडी खाऊन दिवस काढले. पाझर तलाव, बांध, रस्ते त्या कामांतूनच झाले. वस्तीतल्या एका म्हातारीला मी खडीबद्दल विचारले. ती म्हणाली, "माज्या हाताची खडी हाय ती बाबा. रस्ता झालाच न्हाई. खडी ऱ्हायली, मी ऱ्हायले." हजेरीच्या मस्टरवर तिचा अंगठा उठला होता. तो मस्टर आज दाखवा म्हटले तर कोण दाखवील? ही खूण वाचायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. म्हातारी जिवंत असेपर्यंत तिला विचारावे लागते. ती गेली की खडीची पुन्हा नुसती दगडे होतील.

आणि काही गोष्टींची तर भुईवर खूणच उरत नाही. १९०१ साली बाबासाहेब, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. तिथे उपाशी माणसांना काम म्हणून तलाव खोदला जात होता. पोरे पाडळीला, म्हणजे आताच्या सातारारोडला, गाडीत बसली आणि मसूरला उतरली. ही गाडी रहिमतपूरवरूनच जाते. नवे सदरे, नवीन टोप्या, आनंदात असलेली पोरे आमच्या गावावरून गेली. मसूरला स्टेशनमास्तरने जात विचारली आणि पुढचे सगळे बदलले. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, तीही पोरांनी स्वतः हाकायची आणि गाडीवाल्याने पायी चालायचे, या अटीवर. रात्री डोंगराच्या पायथ्याला टोलनाक्यापाशी मुक्काम पडला. आपण मुसलमान आहोत असे सांगूनही प्यायला पाणी मिळाले नाही. डब्यात जेवण होते, पाणी नव्हते. पोरे तशीच झोपली.

मसूरहून खटाव तालुक्यात जायचे तर ही आमचीच डोंगररांग ओलांडावी लागते. मी इथे फिरतो तेव्हा हे मनात असतेच. तो नाका आज जसाच्या तसा उभा असता, गाडीची चाकोरी खडकात उमटलेली असती, तरी त्या रात्रीची तहान तिथे दिसली नसती. तहानेचे खापर होत नाही. ती राहिली कारण ज्याला तहान लागली होती त्याने पुढे ती लिहून ठेवली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे ते हस्तलिखित, १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले. लाखो पोरे असल्या रात्री तहानेली झोपली असतील. एकाची रात्र आपल्याला ठाऊक आहे.

यावर माझे आमच्याच माणसांशी वाद झाले आहेत. एक तरुण मित्र म्हणतो, "दादा, कशाला उकरता? लाजेच्या खुणा आहेत त्या. पुसू द्या." दुसरा म्हणतो, "आपण मूळचे राजे होतो. राजवाड्याच्या खुणा शोधा, फुटक्या जात्याच्या कशाला?" दोघांचाही राग मला कळतो.

पहिल्याला मी विचारतो, लाज कुणाची? चारशे पावलांवरून पाणी आणणाऱ्या बाईची, की साठ पावलांवर तिला येऊ न देणाऱ्यांची? खूण पुसली तर लाज आमची जाणार नाही, त्यांची जाईल. पुरावा गेल्याचा फायदा नेहमी कुणाला होतो, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा.

दुसऱ्याला सांगतो, समजा राजवाडा सापडला. म्हणून काय? माणसाला माणूस म्हणून मान मिळायला त्याचा पणजा गादीवर बसलेला असावा लागतो, हे तर त्यांचेच शास्त्र झाले. जन्मावरून मोठेपण नको म्हणून आपण भांडतो आणि पुन्हा मोठा जन्मच शोधायला निघतो. जात्याच्या तळीला हात लावून मला जे वाटते ते कुठल्याही सिंहासनाला हात लावून वाटणार नाही. त्या जात्याने कुणाचेतरी पोट भरले, सिंहासनाने भरले की नाही ते त्याचे त्याला माहीत.

पण पहिल्या मित्राच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे, तो सोडून चालणार नाही. सगळ्या खुणा जपायच्या म्हणजे काय करायचे? लिंबाखालचा शेंदराचा दगड घ्या. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला धर्मांतर झाले, त्यानंतर गावोगाव आमच्या वस्त्यांनी देव ओढ्यात टाकले, विहिरीत टाकले, रानात नेऊन ठेवले. हा दगड त्यांतला असेल किंवा नसेल. पण त्याला पुन्हा शेंदूर फासायला मी जाणार नाही. आपली खूण आपण आपल्या हाताने पुसणे आणि दुसऱ्याने आपल्याला पुसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत माणूस मोकळा होतो, दुसरीत नाहीसा होतो.

तोच न्याय वस्त्यांच्या नावांना. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची, रस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यायची. हे व्हायलाच हवे. शाळेतल्या पोराने पत्ता सांगताना जात का सांगावी? पाटी बदला, कागद बदला. पण पाटी बदलली म्हणून विहिरीपर्यंतची पावले कमी होत नाहीत. जिथे वस्ती जिवंत आहे तिथून ते नाव काढा. जिथे वस्ती उठून गेली, भुई झाली, तिथे मात्र काय होते ते लिहून ठेवा. नाहीतर आणखी पन्नास वर्षांनी कुणी सांगेल की आमच्या गावात असले काही नव्हतेच, सगळे गुण्यागोविंदाने राहत होते. असे सांगणारे आजही भेटतात.

आता माझे म्हणणे. जुन्या गावगाड्यात शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष काढत. कुठल्या दगडापासून कुठल्या झाडापर्यंत कुणाची हद्द, हे त्याने शीव चालून दाखवायचे. खोटी शीव चालला तर वंश बुडेल अशी धास्ती घातलेली. स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, असली तर वतनाची हाडकी, आणि साक्ष मात्र साऱ्या गावच्या जमिनीची द्यायची. ते वतन बाबासाहेबांनी १९२८ पासून कायदेमंडळात भांडून हलवायला घेतले आणि १९५८ च्या कायद्याने ते गेले. बरे झाले. त्याची एक कवडीही मला परत नको.

पण साक्ष द्यायची सवय मला टाकवत नाही. साक्षीदाराचा धर्म फार सोपा असतो. पाहिले तेवढे सांगायचे, न पाहिलेले सांगायचे नाही आणि कुणी दटावले म्हणून पाहिलेले गिळायचे नाही. आमच्या वाडवडिलांनी ही साक्ष दुसऱ्यांच्या जमिनीसाठी दिली. आपण ती आपल्या माणसांसाठी द्यायची. पूर्वज मोठे होते म्हणून नव्हे. ते होते, म्हणून. माणूस होता आणि त्याला नसल्यासारखे वागवले, हा पहिला अन्याय. तो गेल्यावर तो नव्हताच असे म्हणणे, हा दुसरा. पहिला आपल्या हाताने आता भरून निघत नाही. दुसरा थांबवणे मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून मित्रांनो, एक साधे काम सांगतो. याला पैसा लागत नाही, संस्था लागत नाही. तुमच्या गावच्या रानात असे जुने घरठाण असेल. वस्तीतल्या वयस्कर बायकांना आधी विचारा, पुरुषांना नंतर, कारण सरपणाला आणि पाण्याला त्या गेल्या आहेत. त्यांना घेऊन जा, चालवत नसेल तर हाताला धरा. काय दिसते ते वहीत लिहा. काही उचलू नका, घरी आणू नका, जागेवरून खापर हलले की त्याचे अंतर मोडते. मग जोत्यापासून पाण्यापर्यंत पावले मोजा आणि आकडा लिहा. ठाऊक नसेल तिथे ठाऊक नाही असे लिहा. खाली तारीख घाला, तुमचे नाव घाला, आणि जिने दाखवले त्या बाईचे नाव तिला विचारून तुमच्या नावाच्या वर घाला.

माझ्या वहीत पहिली नोंद आयची आहे: चिंचेखाली जुने घरठाण, माणसे होती, पाणी चारशे बारा पावले.

जयभीम.